विजय समाधानकारक असल्याचा दाखला

चाळिशी ओलांडलेल्या मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्याला खाली न पाडता सामना जिंकल्यास, सदर विजय समाधानकारक असल्याचा दाखला त्याने पंधरा दिवसांच्या आत मिळवावा, अन्यथा विजेतेपद रिक्त समजण्यात येईल, असा आमच्या संघाचा नियम आहे. नियम जुना आहे. तो आजवर कोणालाच लागू झाला नव्हता, कारण चाळिशीपर्यंत कोणी विजेता टिकलाच नव्हता. बिचारा नियम इतकी वर्षे कपाटात नुसता बसून होता. या वेळी त्याचे नशीब उघडले.

वजनदार गटाचे आमचे विजेते एक्केचाळीस वर्षांचे आहेत. त्यांनी चोवीस वर्षांच्या आव्हानवीराला बारा फेऱ्यांत गुणांवर हरवले. तिन्ही पंचांनी कौल त्यांच्या बाजूने दिला, त्यांचा हात उंचावला गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण बसून वाजवल्या. तिथेच माशी शिंकली.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारी येऊ लागल्या. एकूण तीनशे बारा. बहुतेकांचे म्हणणे असे की विजेते जिंकले हे खरे, पण जिंकल्यासारखे वाटले नाही. एका गृहस्थांनी आयुष्यात पहिल्यांदाच मेहुण्याला सामना दाखवायला नेले होते, आणि आता मेहुणा भेटेल तिथे त्यांच्याकडे बघून जांभई देतो. दुसऱ्या एकाने लिहिले होते, ‘माझे वय त्रेचाळीस आहे. त्यांना पाहून मला ते आठवले. यासाठी मी आलो नव्हतो.’ ही तक्रार अध्यक्षांनी दोनदा वाचून लाल पेनाने अधोरेखित केली.

मी संघाच्या कार्यालयात बैठकांची टिपणे लिहिते. विजेत्यांना मात्र मी वेगळ्याच नावाने ओळखते. माझा मुलगा आणि त्यांची मुलगी एकाच बालवर्गात आहेत, आणि शाळेच्या फाटकापाशी कोणालाच स्वतःचे नाव नसते. तिथे ते चिमीचे बाबा. एका हातात चिमीचे दप्तर, दुसऱ्या हातात तिची पाण्याची बाटली, आणि काखेत तिने दुपारभर खपून चिकटवलेला कागदाचा मासा, असे ते रोज उभे असतात. टिपणात त्यांना ‘सदर विजेते’ लिहावे लागते. लिहिताना हात अडखळतो, पण अक्षर चांगले येते.

दाखला मिळेपर्यंत विजेतेपदाचा पट्टा कार्यालयाच्या लोखंडी कपाटात जमा होता. सुनावणीच्या दोन दिवस आधी ते फाटकापाशी मला म्हणाले, “ताई, शुक्रवारपर्यंत पट्टा सुटेल ना?”

“बुधवारी सुनावणी आहे. का हो?”

“शुक्रवारी यांच्या वर्गात घरून एक वस्तू न्यायची आहे. चिमीने सगळ्यांना सांगून ठेवलंय, पट्टा आणणार म्हणून. बाईंनासुद्धा.”

“आणि विजेतेपद?”

“ते पण हवंच आहे,” ते म्हणाले. “पण ते शुक्रवारी लागत नाही.”

समितीवर तीन सदस्य असतात. अध्यक्ष निवृत्त वजनमापे निरीक्षक आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांचे पारडे कमी भरते का हे पाहिल्यामुळे घरच्या माणसांकडेही ते डोळा बारीक करूनच बघतात. दुसऱ्या आमच्या सचिवबाई. फायलीच्या दोऱ्याला त्या जी गाठ मारतात ती त्यांच्याशिवाय कोणाला सुटत नाही, आणि पुष्कळदा त्यांनाही सुटत नाही. दोघांपैकी कोणीही आयुष्यात एकही ठोसा खाल्लेला नसल्यामुळे त्यांचा निःपक्षपातीपणा वादातीत होता.

तिसरी खुर्ची ‘सर्वसामान्य प्रेक्षक’ या सदस्याची. ती कायम रिकामी असते. प्रत्येक बैठकीची सूचना सार्वजनिक फलकावर लागते, कोणीही यावे आणि बसावे अशी सोय आहे, पण कोणी येत नाही. तेव्हा गैरहजर सदस्याचे मत काय समजावे, असा प्रश्न एकदा उपस्थित झाला होता. अध्यक्षांनी तो लगेच सोडवला. “लग्नाला जो येत नाही तो रुसलेला असतो,” ते म्हणाले. त्या दिवसापासून रिकाम्या खुर्चीचे मत ‘असमाधानी’ असे नोंदवले जाते.

बुधवारी सकाळी अकराला सुनावणी सुरू झाली आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी लक्षात आले की अर्जाचा नमुनाच नाही. नियम केला तेव्हा नमुना छापायचा राहून गेला होता. पण आमचे काम अशाने अडत नाही. आमच्याच चौथ्या मजल्यावर, पॅसेजच्या पलीकडे, उद्वाहन तपासणी कक्ष आहे. उद्वाहन म्हणजे लिफ्ट. कागदावर तिला लिफ्ट म्हणायची पद्धत नाही. तिथल्या कारकुनाने त्यांच्याकडचा चौदा पानी नमुना दिला: ‘जुनी उद्वाहने, वापर चालू ठेवण्यास योग्य किंवा अयोग्य’.

“हा कसा चालेल?” मी विचारले.

“न चालायला काय झालं?” अध्यक्ष म्हणाले. “दोन्ही जड, दोन्ही जुनी, आणि दोन्हींबद्दल तक्रार एकच, की पूर्वीसारखी राहिली नाहीत. उद्वाहन खोडा आणि विजेते लिहा.”

मी चौदा पानांवर खोडून लिहिले.

चिमीचे बाबा चिमीला घेऊनच आले होते. बुधवारी बालवर्ग लवकर सुटतो आणि तिची आई कामावर असते. लिफ्ट सोडून ते जिन्याने आले होते, चिमी खांद्यावर. “माझ्या वजनाने ती अडकली तर उगाच चार माणसांचा खोळंबा,” ते म्हणाले. खोलीत येताच चिमी तडक जाऊन तिसऱ्या खुर्चीवर बसली आणि पाय हलवू लागली.

“ती खुर्ची राखीव आहे,” सचिवबाई म्हणाल्या.

“कोणासाठी?”

“सर्वसामान्य माणसासाठी.”

चिमीने खुर्चीखाली वाकून बघितले. मग तिला बाबांच्या मांडीवर बसवण्यात आले.

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि पहिला प्रश्न वाचला. “बसवल्याचं वर्ष?”

“म्हणजे लग्नाचं?”

“जन्माचं. सांगा.” ते लिहून झाल्यावर, “चालताना आवाज येतो का?”

“नाही, तसा काही...”

“येतो,” चिमी म्हणाली. “जिन्यात बाबाचा गुडघा कटकट करतो. एक पायरी सोडून एक.”

“डावा,” चिमीच्या बाबांनी खाली बघत कबुली दिली. “एक पायरी सोडून एक डाव्यावरच येते ना.”

‘आवाज येतो, नियमित अंतराने,’ असे मी लिहिले.

“दोन मजल्यांच्या मध्ये थांबण्याची सवय आहे का?”

“साहेब, दोन फेऱ्यांच्या मध्ये मिनिटभर बसायचं असतं. सगळेच बसतात.”

“सगळ्यांची चौकशी नाहीये आज. तुम्ही थांबता की नाही?”

“थांबतो.”

“सवय आहे,” अध्यक्षांनी मला सांगितले. “पुढचा. दारात कोणी चेंगरल्याची, कोणाला इजा झाल्याची घटना?”

चिमीच्या बाबांना हा प्रश्न मात्र आवडला. “ते तर माझं कामच आहे. वीस वर्षं तेच करतोय.”

“या वेळी?”

“या वेळी जरा कमी.”

“कमी का?” सचिवबाईंनी मान वर केली. “तक्रारींचा मुद्दाच हा आहे. लोक मारामारी बघायला आले होते. सातव्या फेरीत आव्हानवीर झोकांड्या खात होता, हे सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही पुढे झालात. आता पडणार म्हणून लोक उठायच्या बेतात होते. आणि तुम्ही काय केलंत? त्याला मिठी मारलीत. एकोणीस सेकंद. मी घड्याळ लावून मोजलंय.”

चिमीच्या बाबांनी मांडीवरच्या चिमीच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला घेतली. तेव्हा साक्षीदार म्हणून आव्हानवीराला आत बोलावण्यात आले. हनुवटीपासून डोक्यापर्यंत पट्टी बांधलेला तो उमदा मुलगा जबडा न हलवता बोलत होता. आल्या आल्या तो विजेत्यांच्या पाया पडायला वाकला आणि बरगडी दुखल्यामुळे अर्ध्यातच थांबला.

“तुमचा पराभव समाधानकारक झाला का?” अध्यक्षांनी विचारले.

“हो साहेब. आठ दिवस नळीने दूध पितोय.”

“मग तुम्ही पडला का नाहीत?”

“दादांनी पडू दिलं नाही. मागे कोपऱ्याचा खांब होता. पॅड सरकलं होतं त्याचं. मला दिसत नव्हतं, त्यांना दिसलं. पडलो असतो तर डोकं सरळ लोखंडावर. त्यांनी धरलं आणि कानात म्हणाले, ‘पाय टेक, पोरा, श्वास घे.’ मी घेतला.”

मला वाटले, संपले आता काम.

“म्हणजे,” अध्यक्ष सावकाश म्हणाले, “पाडण्याची क्षमता होती. संधी होती. आणि पाडलं नाही. क्षमता नसती तर म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं. ही तर सरळ हयगय झाली.”

“शिवाय प्रतिस्पर्ध्याला श्वास पुरवला,” सचिवबाई म्हणाल्या. “संघाच्या साहित्यात श्वास येत नाही. तो कोणत्या अधिकारात पुरवला?”

आव्हानवीर गडबडला. “मी आत्ता पडून दाखवू का? दादांचं काम होत असेल तर...” आणि बरगडी सांभाळत तो खरोखरच फरशीवर आडवा झाला.

“स्वखुशीने पडलेलं ग्राह्य नाही,” अध्यक्ष म्हणाले. “उठा.”

त्याला एकट्याने उठता येईना. पुन्हा चिमीच्या बाबांनीच धरून उठवले. सचिवबाईंनी घड्याळाकडे बघितले.

आता नमुन्याचे फक्त शेवटचे पान उरले होते. ‘प्रत्यक्ष चाचणी: नाममात्र भारासह चढ-उतार, दोष आढळल्यास नोंद करणे. नाममात्र भार: सहा व्यक्ती.’ विजेत्यांनी सहा व्यक्ती घेऊन जिना चढावा की एकेक करून सहा वेळा चढावा, यावर दोन्ही बाजूंनी चर्चा झाली. तोवर एक वाजला. चाचणी जेवणानंतर घ्यायचे ठरले आणि अध्यक्ष, सचिवबाई आणि मी खालच्या उपाहारगृहात जायला लिफ्टमध्ये शिरलो. चिमी, तिचे बाबा आणि आव्हानवीर जिन्याने निघाले.

तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली.

लिफ्टच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत तिचा स्वतःचा दाखला लावलेला होता, तोच चौदा पानी नमुना संक्षिप्त रूपात. अध्यक्षांनी तो जवळ जाऊन वाचला. ‘दोन मजल्यांच्या मध्ये थांबण्याची सवय: नाही. शेरा: समाधानकारक.’

मी घंटी दाबली. बऱ्याच वेळाने वरून तपासणी कक्षाच्या कारकुनाचा आवाज आला. “काय झालं?”

“लिफ्ट बंद पडलीय,” मी ओरडले.

“कशी पडेल? तिला दाखला आहे.”

“आम्ही आत आहोत.”

“बघा, पुन्हा एकदा खात्री करून घ्या,” तो म्हणाला आणि डबा संपवायला गेला.

सचिवबाई घामाने डबडबल्या होत्या. त्यांना बंद जागेची भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळले. अकरा वर्षांत त्यांनी ते कोणाला कळू दिले नव्हते. त्या माझा हात धरून उभ्या राहिल्या. इतक्यात दाराच्या फटीतून चार बोटे आत आली. जाड, गाठाळ, एक वाकडे बसलेले. मग आणखी चार आली.

“ताई, दारापासून लांब उभे राहा सगळे,” चिमीचे बाबा बाहेरून म्हणाले.

दार एका फटक्यात उघडले नाही, हे नोंदवणे माझे कर्तव्य आहे. ते बोटभर उघडले, मग वीतभर, मग अडले. त्यांनी एक खांदा फटीत घातला, मग पाठ घातली, आणि दाराच्या दोन्ही झडपांच्या मध्ये स्वतःच खांबासारखे उभे राहिले. डावा गुडघा कटकट करत होता; आता तो सगळ्यांनाच ऐकू येत होता. लिफ्टची जमीन त्यांच्या छातीशी होती. पायरीवर बसून चिमी मोठ्याने आकडे मोजत होती. तिला दहापर्यंतच येतात, म्हणून दहा झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करायची. रिंगमध्ये दहा म्हणतात आणि माणूस संपतो. इथे ती किती वेळा दहा म्हणाली, कोण जाणे.

एकूण अकरा मिनिटे लागली. त्यांपैकी चार मिनिटे आधी कोणी उतरायचे, या शिष्टाचारात गेली. अध्यक्ष म्हणत होते, महिला आधी. सचिवबाई म्हणत होत्या, पदाच्या क्रमाने. दारात अडकलेले चिमीचे बाबा एवढेच म्हणाले, “कोणीही या, पण या.” शेवटी त्यांनी एका हाताने एकेकाला कमरेला धरून खाली घेतले आणि आव्हानवीराने खालून पाय टेकवून दिले. उतरताना सचिवबाईंची एक चप्पल फटीतून खोल खड्ड्यात पडली. आवाज बऱ्याच वेळाने आला. तो ऐकून अध्यक्ष जिन्याच्या कठड्याला टेकले.

जेवण झालेच नाही. समिती पुन्हा चौथ्या मजल्यावर, जिन्याने, जमली. घडलेला प्रकार हीच प्रत्यक्ष चाचणी मानावी, असे ठरले आणि मतदान झाले.

“समाधानकारक,” अध्यक्ष म्हणाले. मी लिहिता लिहिता थांबले. “बघताय काय? चाळीस वर्षं मी मापं बघितलीत. मला उतरवलं तेव्हा त्या हातात काही कमी भरलं नाही. लिहा.”

“असमाधानकारक,” सचिवबाई म्हणाल्या. त्यांचा एक पाय अनवाणी होता. “उपकार वेगळे, शेरा वेगळा. अकरा मिनिटं हा वेळ आहे का? या वयात दोन मिनिटांत उघडता येत नसेल तर हेच लोकांचं म्हणणं आहे. आणि माझी चप्पल?”

“चप्पल तुमच्या पायातून पडली,” अध्यक्ष म्हणाले.

“पेललं त्यांनी. पडलेल्याची जबाबदारी पेलणाऱ्याची.”

एकास एक. सगळ्यांनी तिसऱ्या खुर्चीकडे पाहिले.

“मी बसते तिथे,” मी म्हणाले. माझे मलाच आश्चर्य वाटले.

“कर्मचारी सर्वसामान्य नसतात,” सचिवबाई म्हणाल्या.

“मी?” आव्हानवीर म्हणाला.

“तुम्ही हितसंबंधी आहात. तुमचा पराभव झालाय.”

चिमीने हात वर केला. तिचे वय कमी पडले.

खुर्ची रिकामी होती, म्हणून तिचे मत नियमाप्रमाणे नोंदवण्यात आले. असमाधानी. दोन विरुद्ध एक. विजय असमाधानकारक ठरला आणि पराभव समाधानकारक ठरला, त्यामुळे त्या सामन्यात आता हरलेला एक जण आहे आणि जिंकलेला कोणी नाही. विजेतेपद शुक्रवारपासून रिक्त. पट्टा कपाटातच राहिला आणि कपाटाच्या कडीला सचिवबाईंनी गाठ मारली.

चिमीच्या बाबांनी ऐकून घेतले आणि सही कुठे करायची ते विचारले. मग चिमीला खांद्यावर घेताना ते तिला हळूच म्हणाले, “शुक्रवारी आपण दुसरं काहीतरी नेऊ हं. ग्लोव्ह नेऊ.”

“ग्लोव्हला वास येतो,” चिमी म्हणाली.

शुक्रवारी माझ्या मुलाने चाळणी नेली. कोणी टॉर्च आणला होता, कोणी आजोबांची कवळी, डबीत घालून. चिमीने बाबांना आणले होते. हाताला धरून वर्गात नेले आणि सगळ्यांसमोर उभे केले. बालवर्गाच्या बाईंनी बाकीच्यांना विचारले तसेच तिलाही विचारले, “ही वस्तू कशाच्या उपयोगाची?”

“हा माझा बाबा,” चिमी म्हणाली. “हा कोणाला पडू देत नाही.”

याची खात्री करून घेण्यासाठी मुले लगेच त्यांना लोंबकळली. दोन दंडांना, दोन पायांना, एक पाठीवर, आणि माझे चिरंजीव चाळणीसकट मानेवर. मी मोजली. सहा व्यक्ती, नाममात्र भार. तशी नोंद करून मी सोमवारी सचिवबाईंपुढे ठेवली. चाचणी समितीसमक्ष झाली नसल्याने त्यांनी ती फेटाळली. पण कागद फाडला नाही, फायलीत लावला, आणि दोऱ्याला या वेळी गाठ मारली ती सैल होती.

अपिलाची सोय आहे. अध्यक्षांनीच मुदत वाढवून दिली. येत्या बुधवारी, सकाळी अकरा वाजता, चौथा मजला. अध्यक्षांचे मत तेच आहे, सचिवबाईंचेही तेच आहे, तेव्हा प्रश्न फक्त तिसऱ्या खुर्चीचा उरतो. ती मी सकाळीच पुसून ठेवणार आहे. बसणाऱ्याला बॉक्सिंगमधले काही कळण्याची अट नाही. फक्त तो सर्वसामान्य असावा, संघाचा नोकर नसावा, कोणाशी लढलेला नसावा, अठरा वर्षे पूर्ण असावीत, आणि घडलेला सगळा प्रकार त्याला माहीत असावा. तुम्हाला तो माहीत आहे. आत्ताच इथवर वाचलात.

लिफ्ट चालू आहे, तिला दाखला आहे. तरी जिन्यानेच यावे. चार मजले आहेत.

बुधवारी तुम्हाला नेमके काहीतरी काम असेल, हे आम्ही समजू शकतो. त्याची काळजी करू नका. तुमचे मत आम्ही आधीच लिहून ठेवले आहे.